वीट, गाजर, संत्रं, मध

घराच्या दाराची चौकट वाकडी झाली आहे, असं रेडिओकाकूंनी जाहीर केलं तेव्हा त्यांचे यजमान, मिस्त्री, जेवत होते. ती चौकट त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बसवलेली होती. सुताराला त्याच्याच घरात बसून त्याची चौकट वाकडी म्हणायला धाडस लागतं, आणि काकूंना ते कधी कमी पडलं नव्हतं. मिस्त्री ताटावरून उठले, ओळंबा घेऊन आले आणि चौकटीला लावून उभे राहिले. "बघ," ते म्हणाले. काकूंनी बघितलं. वजनानं ताठ ताणलेली ओळंब्याची दोरीसुद्धा त्यांना मधोमध वाकलेली दिसली. "हो की, माझंच चुकलं," असं म्हणून त्या भाजी आणायला वळल्या, पण त्या दोरीबद्दल पुढे दोन वर्षं त्या घरात कोणाशी बोलल्या नाहीत.

रेडिओकाकू हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते रात्री दिवे मालवेपर्यंत, आणि मध्ये बातम्या, बाजारभाव, हवामान सगळं असायचं. मिस्त्रींच्या तोंडून मात्र दिवसाकाठी वीसेक शब्द निघाले तर निघाले. देवानं दोघांच्या वाटणीचे शब्द एकीलाच दिले, असं त्यांची लेक लहानपणापासून म्हणत आली आहे. काकूंना या नावाचा राग नव्हता. उलट, त्यांच्या बडबडीवर या घराचं काम चालायचं, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं.

कारण मिस्त्री आता दारं-खिडक्या करत नव्हते. तीस वर्षं केल्यावर एका दुपारी रंध्याखालून निघालेला लांब छिलका त्यांनी सहज खिडकीसमोर धरला. त्यातून उजेड आरपार आला आणि लाकडाच्या सगळ्या रेषा पेटल्यासारख्या दिसल्या. झालं. माणूस तिथेच उभा राहिला, आणि ओट्यावरचा चहा गार होऊन त्यावर साय आली. त्यानंतर ते ओंडके पोखरायला लागले. ओंडका आतून पोकळ करायचा, बाहेरून गुळगुळीत ठेवायचा, आणि आतल्या बाजूनं कुठे जाड, कुठे पातळ असं खरवडत जायचं. दिवा नसला तर ते नुसतं खोड. आत दिवा लावला की जाड जागा काळ्या राहतात, पातळ जागा उजळतात, आणि खोडाच्या अंगावर नक्षी उमटते. नक्षी ते मनानं काढत नसत. सुकलेल्या डबक्यातल्या चिखलाला पडलेल्या भेगा, चतुर किड्याचा पंख, पानाच्या शिरा, असलंच काही असायचं. अशा गोष्टींपुढे ते रस्त्यात उकिडवे बसत, आणि काकू ओळखीच्या लोकांना सांगत, "काही हरवलेलं नाही, त्यांना सापडलंय."

अडचण एकच होती. खरवडणारा माणूस आत. खांद्यापर्यंत ओंडक्यात शिरलेला, डोळ्यांसमोर बल्ब. लाकूड किती पातळ झालं ते फक्त बाहेरून कळतं. पहिले सात ओंडके फुटले आणि सरपणात गेले. आठव्याच्या वेळी काकू काहीतरी सांगायला कामाच्या खोलीत आल्या आणि सांगायचं विसरून म्हणाल्या, "अहो, इथे नुसतं मधासारखं झालंय, आता पुढे नको." मिस्त्रींचा हात थांबला. त्या दिवसापासून काकू ओंडक्याबाहेर स्टुलावर बसू लागल्या. खिडक्यांना जाड काळे पडदे लावून दोघं भर दुपारी अंधार करायची, आणि काकू बोलत राहायच्या. जाड लाकूड म्हणजे वीट. थोडं उतरलं की गाजर. मग संत्रं. मग मध, आणि मध आला की थांबायचं. "डावीकडची बारकी शीर अजून वीट आहे. तिच्या वरचं गाजर झालं. शेजारच्या शिंप्यानं पुन्हा दुकान बंद ठेवलंय. संत्रं, संत्रं, हळू. मध. थांबा." एकदा कोणी पाहुणा काम बघायला आला तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "हात माझे आहेत. डोळे हिचे." तेवढंच म्हणाले. पण काकूंनी ते वाक्य इतक्या जणांना सांगितलं की शेवटी लोक त्यांच्याआधी ते पुरं करायला लागले.

आणि त्याच डोळ्यांना दोरी वाकडी दिसायला लागली.

दोरा आणायला जाते असं सांगून काकू एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांतल्या पडद्याची मधली जागा झिजते आहे. औषध नाही. पूर्ण अंधार व्हायचा नाही, कडेकडेनं दिसत राहील. फक्त जिथे बघाल तिथलंच दिसणार नाही.

"म्हणजे ज्याच्याकडे बघावं तोच गायब," काकू म्हणाल्या.

"साधारण तसंच."

"काही माणसांच्या बाबतीत बरंच आहे की मग."

डॉक्टर हसले. काकूही हसल्या, आणि परत येताना बसथांब्याच्या बाकावर बसून मनसोक्त रडल्या. समोर कसली तरी भली मोठी जाहिरात होती. तिच्या कडा दिसत होत्या, मधली अक्षरं नव्हती. त्यांनी दोन बस सोडल्या. मग दोरा घ्यायला विसरलो हे आठवलं, म्हणून मागे जाऊन दोरा घेतला आणि घरी आल्या.

सांगायचं नाही हे त्यांनी बाकावरच ठरवलं होतं. मिस्त्री ओरडले नसते. वाईट वागले नसते. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवसापासून, "तू पड जरा, मी बघतो कसं ते," असं म्हटलं असतं, आणि काकू स्वयंपाकघरात बसल्या असत्या. घर झाडणं, भाजी चिरणं, कपडे वाळत घालणं हे कोणीही करतं. त्या स्टुलावर बसणारी जगात एकच बाई होती. ती जागा गेली तर आपण कोण, याचं उत्तर काकूंपाशी नव्हतं. म्हणून त्यांनी ताकाला तूर लागू दिली नाही. बारीक शिवण लेकीकडे ढकलली. रस्त्यात ओळख पटेना तेव्हा समोरच्याला आधी बोलू द्यायला शिकल्या. गल्ली म्हणाली, काकू हल्ली मोठ्या झाल्या, नमस्कारसुद्धा आधी करत नाहीत.

स्टुलावर त्यांनी दुसरी युक्ती काढली. खरं तर युक्तीच त्यांना सापडली. इतकी वर्षं कानावर पडत आलेली पटाशी त्यांना आतापर्यंत कधी ऐकू आली नव्हती, कारण बोलणाऱ्याला ऐकू कमीच येतं. आता ऐकू आली. जाड लाकडावर ती खर्र खर्र चालते, अंग चोरल्यासारखी. लाकूड उतरत गेलं की आवाज वर चढतो, मोकळा होतो, आणि अगदी शेवटी लाकूड स्वतःच कापऱ्या आवाजात साथ देतं. शिवाय तळवा होता. आत मिस्त्रींचा जुना पिवळा बल्ब तापायचा. ओंडक्याच्या अंगापासून दोन बोटांवर हात धरला की पातळ जागेची ऊब कळायची, जाड जागा गार लागायची. कुठे ते तळव्यानं, किती ते तळवा आणि कान दोघांनी मिळून. डोळ्यांच्या कडेनं जो काही अंधुक डाग दिसे तोही उपयोगी पडायचा. काकू वीट, गाजर, संत्रं, मध म्हणत राहिल्या, आणि तीन कामं पार पडली. वाळूवरच्या लाटा, मधमाश्यांचं पोळं, चतुराचा पंख. पंख तर मिस्त्रींनी लेकीच्या घरी स्वतः नेऊन टांगला, याआधी त्यांनी असं काही केलं नव्हतं. तिथे दिवा लागला तेव्हा सगळे वा वा म्हणाले आणि काकूही म्हणाल्या. त्यांना मधोमध राखाडी ठिपका आणि भोवती थोडी प्रभा एवढंच दिसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत त्यांनी डोळे पुसले. लेकीला वाटलं आनंदानं.

मग शाळेचं झाड पडलं.

गावातल्या जुन्या शाळेच्या अंगणात एक झाड होतं. मिस्त्री त्याच्याखाली बसून पाढे म्हणाले होते, लेकही म्हणाली होती. एका वादळात ते मुळासकट आडवं झालं. मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या. बुंध्याचा एक तुकडा ठेवला आहे, म्हणाल्या, त्याचं काहीतरी करा, आम्ही शाळेत ठेवू. मिस्त्रींनी ठरवलं, त्या खोडावर त्याच झाडाचं पान उमटेल. एकच पान, वरपासून खालपर्यंत, सगळ्या शिरांसकट. तुकडा एकच होता आणि दुसरा मिळणार नव्हता. काकूंनी त्या रात्री देवाला हात जोडले आणि एवढं एक पार पडू दे म्हणाल्या. याच्यानंतर मी आपणहून सांगेन, असंही त्या देवाला म्हणाल्या. असली वचनं देव किती मनावर घेतो कोण जाणे.

पाच आठवडे सगळं नीट चाललं. मधली शीर झाली, डावी बाजू झाली, उजव्या बाजूच्या बारा शिरांपैकी नऊ झाल्या. सहाव्या आठवड्यातल्या एका दुपारी काकू स्टुलावर येऊन बसल्या, मिस्त्री आत शिरले आणि पटाशी सुरू झाली. काकूंनी तळवा धरला. गार होता. थोडा वेळ गेला. पटाशीचा आवाज वर चढलेला वाटला, पण तळवा गारच. हे लाकूड जरा वेगळंच आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, रेषा भरड आहेत, आवाज फसवत असेल.

"वीट आहे अजून," त्या म्हणाल्या. "घ्या."

पटाशी चालली.

"वीटच. हात राखू नका."

"नक्की?" आतून आवाज आला. मिस्त्री असं कधी विचारत नसत.

काकूंचा कान सांगत होता थांब. तळवा सांगत होता अजून नाही. आणि त्या एका शब्दानं त्यांचा अभिमान दुखावला होता. "मी काय आज पहिल्यांदा बसलेय इथे?" त्या म्हणाल्या. "घ्या म्हटलं की घ्यायचं."

मिस्त्रींनी घेतलं. टच्च असा बारीक आवाज झाला, आणि काकूंच्या डोळ्याच्या कडेला, समोरच्या भिंतीवर, उजेडाची एक पट्टी पडली.

मग मिस्त्री ओंडक्यातून बाहेर आले. केसांत, भुवयांत भुसा. त्यांनी भोकाकडे बघितलं नाही, काकूंकडे बघितलं.

"आत बल्ब कसला आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला म्हणजे? आपला पिवळा."

"पिवळा काल गेला. आज नवा पांढरा लावलाय, तो तापत नाही. तुझ्यासमोर लावला. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांतून पांढराफेक उजेड येतोय, अर्धा तास झाला." ते थांबले. त्यांच्या मानानं हे आधीच फार बोलणं झालं होतं. "आणि तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. तू."

काकूंचे हात मांडीवर पडले. ज्या बाईनं आयुष्यात एक नवा बल्ब कौतुकाशिवाय जाऊ दिला नव्हता, ती पकडली गेली होती ती गप्प राहिल्यानं. त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, डॉक्टर, बसथांबा, कान, तळवा, आणि कडेनं उजेड दिसला तरी त्याचा रंग आता कळत नाही, हेसुद्धा. मिस्त्री ऐकत राहिले.

"कधीपासून?"

"वाळूच्या लाटांपासून."

"तीन कामं," मिस्त्री म्हणाले.

"फुटलं का एक तरी?"

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतंत मला इथे?"

मिस्त्रींनी खिडकीवरचा पडदा बाजूला ओढला. दुपारचा लख्ख उजेड आत आला. "मी आत डोळे झाकून काम करत होतो," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या भरवशावर. आणि तू बाहेर तशीच बसली होतीस. मला कळायला नको होतं?" मग ते हातपाय धुवायला गेले.

पुढचे आठ दिवस ते काकूंशी बोलले नाहीत. गल्लीला काही वेगळं वाटलं नाही, कारण ते एरवीही बोलत नसत. पण काकूही बोलत नव्हत्या, आणि ते मात्र सगळ्यांच्या कानावर आलं. शिंपी येऊन विचारून गेला, तब्येत बरी आहे ना. काकूंना लाज वाटत होती आणि रागही येत होता. तीन कामं कानावर आणि तळव्यावर तोलून दिली, त्याचं कौतुक एका शब्दानं नाही. एका भोकापुढे तीन कामं शून्य. रात्री पडल्यापडल्या त्या हा हिशेब मांडत, आणि सकाळी स्वतःलाच म्हणत, खोटं बोललीस ते बोललीसच.

मुख्याध्यापिकांना कळवलं तेव्हा त्या येऊन बघून गेल्या. समजूतदार बाई. म्हणाल्या, पानांना भोकं असतातच, अळी खातेच की, तसंच राहू द्या. "अळीनं खाल्लेलं आणि माझ्या हातून फुटलेलं, यात फरक आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी त्याच खोडातून पोखरून काढलेल्या लाकडाची एक चकती आतून बसवली. दिवा लावला की तिथे काळं ठिगळ दिसत होतं आणि कायम दिसणार होतं.

लेक आली, तिला सगळं कळलं. आधी ती आईवर रागावली, मग आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग कामाला लागली, हा तिचा स्वभाव. तिनं एक फोन ओंडक्याबाहेर काठीला बांधला आणि दुसरा मिस्त्रींच्या हातात दिला. बाहेरचा फोन जे बघेल ते आतल्या फोनवर दिसणार. "बाबा, आता तुम्हाला कोणाची गरज नाही," ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि स्टूल जिथे होतं तिथून उचलून त्यांनी ओट्यापाशी ठेवलं. वरच्या फळीवरचा डबा काढायला एरवीही काहीतरी लागतंच.

शेवटच्या दोन शिरा राहिल्या होत्या. मिस्त्रींनी काम सुरू केलं. मधल्या भिंतीपलीकडे काकू शेंगा सोलत बसल्या होत्या, कारण शेंगा बघाव्या लागत नाहीत. पटाशी चालली होती. खर्र खर्र. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण कान काही पापणीसारखे मिटत नाहीत. पहिली शीर झाली. फोननं काम बरोबर केलं. काकूंना ते आवाजावरून कळलं. आपल्यावाचून होतं. मग दुसरी सुरू झाली.

त्या फोनचं एक होतं. समोरचा उजेड वाढला की तो आपलाआपण त्याला दाबायचा, डोळे बारीक करून बघणाऱ्या माणसासारखा. लाकूड मधापर्यंत आलं तरी तो संत्रंच दाखवत राहायचा. पहिल्या शिरेला हे जमून गेलं होतं, ती बारीक होती. ही रुंद होती. मिस्त्रींना संत्रं दिसत होतं आणि ते खरवडत होते. भिंतीपलीकडे काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आवाज वर चढला. मोकळा झाला. मग लाकूड कापऱ्या आवाजात बोलायला लागलं.

काकू दोन श्वास गप्प बसल्या. ते लपवायचं कारण नाही. त्यांच्या मनात आलं, मला विचारलंय का कोणी. फुटलं तर फुटू दे, यंत्राच्या हातून फुटलं म्हणजे तरी कळेल. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःची भीती वाटली.

"थांबा," त्या म्हणाल्या.

पटाशी आणखी दोनदा चालली. मग थांबली. मिस्त्री बोटानं जाडी चाचपत असावेत. काकू भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"कुठे?" मिस्त्रींनी विचारलं.

आठ दिवसांत काकूंना उद्देशून आलेला हा पहिला शब्द होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. डावीकडे, वरच्या टोकाला, काहीही म्हणता आलं असतं, आणि कदाचित बरोबरही निघालं असतं. पण कानाला किती ते कळतं, कुठे ते कळत नाही.

"ठाऊक नाही," काकू म्हणाल्या. "मला दिसत नाही हो."

पलीकडे पटाशी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मिस्त्री ओंडक्यातून बाहेर आले असणार, कारण आता त्यांचा आवाज जवळून आला.

"बरं," ते म्हणाले. "मग किती ते तू सांग. कुठे ते मी बघतो."